महागडा लॅपटॉप बाजारात आणताना: धोका कशाचा, आणि कोणाचा?



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांकडे एक शंका आली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला लॅपटॉपच्या धंद्यातलं काय कळणार? शंका रास्त आहे. आम्ही कधी कारखाना काढला नाही, कधी गल्ल्यावर बसलो नाही. पण ‘मूल्य म्हणजे काय’ आणि ‘एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर’, हे दोन प्रश्न आम्ही उभी हयात वर्गात शिकवले. महागडी वस्तू विकण्याचा सगळा व्यवहार या दोन प्रश्नांवरच उभा असतो. शिवाय आपण नाशिककर. निर्यातीची द्राक्षं, वाइन आणि येवल्याची पैठणी, अशा तीन महागड्या मालांचा बरावाईट अनुभव या एका जिल्ह्याच्या गाठीशी आहे. त्यामुळे लॅपटॉप समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागणार नाही.

आज आपण एवढंच पाहणार आहोत. समजा, पन्नास हजारांचे लॅपटॉप विकणारी एखादी कंपनी ठरवते की आता आपण दीड-दोन लाखांची, अगदी वरच्या दर्जाची मालिका काढायची. अशा वेळी तिच्यापुढे कोणते धोके असतात? आणि बेत फसला तर पैसे नक्की कोणाचे बुडतात? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

मोह का होतो?

आधी कंपनीची बाजू समजून घेऊ. स्वस्त लॅपटॉपच्या बाजारात सगळ्यांकडे तोच प्रोसेसर, तीच विंडोज, जवळपास तोच स्क्रीन. मग स्पर्धा उरते ती किमतीची. शंभर-दोनशे रुपयांसाठी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. एका नगामागे सुटतं ते किरकोळ. उलट महागड्या यंत्रात एका नगामागे वीस-पंचवीस हजार सुटू शकतात. कागदावर हे फार गोड दिसतं.

पण एक साधं गणित मांडून बघू. आकडे समजण्यापुरते, काल्पनिक आहेत. समजा, नव्या मालिकेचं डिझाइन, धातूच्या सांगाड्याचे साचे, चाचण्या आणि जाहिरात मिळून २० कोटी रुपये आधीच खर्च झाले. नगामागे २०,००० रुपये सुटतात. म्हणजे नुसता खर्च भरून निघायलाच १०,००० नग विकले गेले पाहिजेत. विकले गेले ४,०००. हातात आले ८ कोटी, तोटा १२ कोटींचा. उरलेले ६,००० नग गोदामात पडून. मग किंमत १५,००० नी उतरवायची. आता नगामागे सुटतात ५,०००, आणि उरलेला सगळा माल खपला तरी मिळतात फक्त ३ कोटी. तोटा ९ कोटींवर थांबतो. वर ज्यांनी पहिल्या महिन्यात पूर्ण किंमत मोजली ते ४,००० लोक कंपनीला बोल लावतात ते वेगळंच. आणि हे लोक तिचे सगळ्यात हौशी, चारचौघांत तिचं नाव काढणारे गिऱ्हाईक होते.

म्हणजे पहिला मुद्दा असा. महागड्या मालात नफा नगामागे जास्त असतो, पण खर्च आधी होतो, नग कमी खपतात आणि अंदाज चुकला तर सावरायला जागा फार थोडी उरते.

गिऱ्हाईक कशाच्या आधारावर पैसे मोजतं?

आता थोडं आमच्या अंगणात येऊ. न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. म्हणजे स्वतः पाहणं, एकावरून दुसरं ताडणं, ओळखीच्या वस्तूशी साम्य लावून बघणं आणि भरवशाच्या माणसाचं ऐकणं.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात दोन लाखांचा लॅपटॉप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे यातलं काय असतं? प्रत्यक्ष फार थोडं. वजन कळतं, स्क्रीन दिसतो, कळफलकावर बोटं फिरवता येतात. पण तीन वर्षांनी बिजागरी ढिली होईल का, दोन वर्षांनी बॅटरी किती तास चालेल, मदरबोर्ड गेला तर सुटा भाग मिळेल का, हे दुकानात दिसत नाही. महागड्या वस्तूचे जे खरे गुण, ते सगळे भविष्यकाळात असतात.

मग तो अनुमान करतो. ‘एवढा महाग आहे, म्हणजे चांगलाच असणार.’ हे अनुमान सदोष आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध कधी मोडत नाही, म्हणून धुरावरून अग्नी ताडता येतो. ‘जिथे महाग तिथे चांगलं’ हा संबंध रोज मोडतो. नैयायिक अशा कारणाला हेत्वाभास म्हणतात. दिसायला कारण, असायला नाही.

उरतो शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नुसता जवळचा नव्हे. ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. महागडा लॅपटॉप विकणारी कंपनी गिऱ्हाईकाला एकच गोष्ट सांगत असते: ‘आम्हाला आप्त माना.’ म्हणजे जास्तीचे जे लाख रुपये ती मागते, त्यातले काही धातूचे असतात, काही स्क्रीनचे, आणि मोठा भाग असतो शब्दाचा. हे एकदा लक्षात आलं की पुढचे धोके आपोआप उलगडत जातात.

जास्त दिलं, पण हवं ते दिलं का?

ॲरिस्टॉटलने वहाणेचं उदाहरण घेऊन सांगितलं होतं की एका वस्तूचे दोन उपयोग असतात. पायात घालणं हा एक, आणि तिच्या बदल्यात दुसरं काही मिळवणं हा दुसरा. विकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्यावर असतं, घेणाऱ्याचं पहिल्यावर. महागडी मालिका काढणारे पहिला उपयोग विसरतात तेव्हा काय होतं, याची लॅपटॉपच्या इतिहासात ठसठशीत उदाहरणं आहेत.

१९८९ मध्ये ॲपलने ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ आणला. किंमत सुमारे साडेसहा हजार डॉलर. स्क्रीन त्या काळातला उत्तम. पण वजन सात किलोच्या वर, आत शिशाची बॅटरी, आणि सुरुवातीच्या यंत्रात स्क्रीनला मागून उजेडच नव्हता. नाव पोर्टेबल, आणि उचलून नेणं मुश्कील. ॲपलने उत्तमोत्तम भाग घातले होते, पण लोकांना हवं होतं ते बरोबर नेता येणारं यंत्र. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच कंपनीने हलकी आणि कितीतरी स्वस्त ‘पॉवरबुक’ मालिका काढली आणि ती जोरात चालली.

२०१३ मध्ये गुगलने ‘क्रोमबुक पिक्सेल’ काढला. देखणा सांगाडा, अप्रतिम स्क्रीन, किंमत १,२९९ डॉलर. पण आतली प्रणाली तीच, जी त्या वेळी २४९ डॉलरच्या क्रोमबुकवरही चालत होती. लोकांनी विचारलं, पाचपट पैसे देऊन आम्ही जास्तीचं काय करू शकणार? याला पटण्यासारखं उत्तर नव्हतं. सोन्याच्या वाटीत पिठलं वाढलं तरी ते पिठलंच. पिठलं वाईट असतं असं नाही, पण वाटीचे पैसे कोण देणार?

नाव आडवं येतं

दुसरा धोका नावाचा. २००९ च्या मार्चमध्ये डेल कंपनीने ‘ॲडामो’ नावाचा लॅपटॉप आणला. ॲल्युमिनियमचा, अत्यंत सडपातळ, किंमत १,९९९ डॉलरपासून. डेलचं नाव तोवर कशासाठी होतं? मागणीप्रमाणे जुळवून दिलेला, खिशाला परवडणारा, कचेरीत वापरायचा संगणक. दागिन्यासारखा लॅपटॉप आणि डेल, ही जोडी लोकांच्या मनात जुळेना. त्यात मंदीचं वर्ष. पुढे किमती उतरवाव्या लागल्या आणि २०११ मध्ये मालिका बंद झाली.

नाव एकदा ज्या पायरीवर बसतं तिथून हलायला तयार नसतं. आपल्या टाटा नॅनोचं काय झालं ते आठवा. ‘लखटकिया’ हे कौतुकाचं नाव होतं, पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्काच तिला भोवला. गाडी घेणाऱ्याला चार माणसांत स्वस्तातली गाडी मिरवायची नव्हती. उलट २००८ मध्ये त्याच टाटा मोटर्सला जगातल्या उंची गाड्यांच्या बाजारात जायचं होतं, तेव्हा त्यांनी महागड्या गाडीवर आपलं नाव चिकटवलं नाही. फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर ही दोन जुनी नावं २३० कोटी डॉलरना विकत घेतली आणि ती तशीच ठेवली. संगणकात हेच लेनोव्होने केलं. २००५ मध्ये आयबीएमचा संगणकाचा धंदा घेतला आणि ‘थिंकपॅड’ हे नाव जपलं. अर्थात नाव विकत घेणं हाही जुगारच. जग्वार-लँड रोव्हर घेतल्यावर पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि टाटा मोटर्सला मोठ्या तोट्याचं वर्ष काढावं लागलं. त्यांच्या पाठीशी मोठं घर होतं म्हणून निभावलं.

नाव विकत घेता येत नसेल तर ते रुजवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. याचं उदाहरण आपल्या गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले, १९९७ मध्ये त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, आणि २००० साली ‘सुला’च्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आईच्या सुलभा या नावावरून हे नाव घेतलेलं. तेव्हा आपल्या लोकांना वाइनची चवच माहीत नव्हती. मग भारतीय वाइनसाठी जास्त पैसे का मोजायचे, हे त्यांना पटवायचं कसं? सुलाने कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना सोबत घेतलं आणि २००५ मध्ये मळ्यातच चव घेण्याची खोली उघडली. या, बघा, प्या, मग ठरवा. आमच्या भाषेत सांगायचं तर शब्दावर विसंबायला सांगण्याआधी प्रत्यक्षाची सोय केली. शिवाय स्वस्त वाइन खाली, महाग वर, अशी शिडी ठेवली. गिऱ्हाईक एकेक पायरी चढत गेलं. एकदम गच्चीवर उडी मारायला कोणाला सांगितलं नाही.

पैठणी की द्राक्ष?

तिसरा धोका काळाचा, आणि लॅपटॉपच्या बाबतीत आम्हाला हा सगळ्यात मोठा वाटतो.

येवल्याची हातमागाची पैठणी विणायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. ती महाग असते. नाही खपली या लग्नसराईत, तर पुढच्या लग्नसराईत खपेल. कपाटात तिची किंमत उतरत नाही. तिला धोका असतो तो नकलेचा. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ शेजारी येऊन बसते आणि अनोळखी डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून जाणत्या बायका पदर उलटा करून बघतात. अस्सल हातमागाचं काम मागूनही तितकंच स्वच्छ दिसतं.

द्राक्षाचं उलट. घड कितीही देखणा असो, तोडल्यापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. शीतगृहात ठेवून काही आठवडे मिळतात, जास्त नाही. आज भाव नाही म्हणून थांबू, असं म्हणायची सोय नाही.

लॅपटॉप मिरवतो पैठणीसारखा, पण नासतो द्राक्षासारखा. नवा प्रोसेसर वर्षभरात येतो, आणि दुकानात न उघडलेल्या खोक्यातला लॅपटॉप त्या दिवशी जुना होतो. तो बिघडलेला नसतो, फक्त जुना झालेला असतो. दोन लाखांच्या वस्तूचं जुनं होणं पन्नास हजारांच्या वस्तूपेक्षा जास्त बोचतं, कारण जास्तीचे पैसे ‘सगळ्यात पुढे असण्याचे’ दिलेले असतात.

माल पडून राहिला तर काय होतं, हे मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीलाही बघावं लागलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘सरफेस आरटी’ आणला. हा लॅपटॉपचा टॅब्लेट भाऊबंद, आणि किंमतही फार वरची नव्हती. पण मागणीचा अंदाज साफ चुकला. २०१३ च्या जुलैत किंमत १५० डॉलरनी उतरवली आणि शिलकी मालापोटी हिशेबात ९० कोटी डॉलर बुडीत दाखवले.

आपल्या देशात त्यात रुपयाची भर. लॅपटॉपचे बहुतेक महत्त्वाचे भाग डॉलरमध्ये येतात. २०११ च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८३ च्या आसपास गेला. माल मागवताना एक दर आणि पैसे चुकते करताना दुसरा, यात स्वस्त मालाचा नफा जातोच. पण महागड्या मालाचं दुखणं निराळं असतं. तिथे किंमत वाढवली की ती एखाद्या नामांकित ब्रँडच्या किमतीला जाऊन टेकते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढे देतोच आहे तर मग तोच का नको?

तिळाएवढी चूक

२०१० चा द्राक्ष हंगाम निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना आठवत असेल. युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपले शेतकरी ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्या वाढरोधक संजीवकाचा अंश सापडला. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे नव्हतंच. माल नाकारला गेला, कंटेनर अडकले, भाव कोसळले. घड सुंदर होते, गोडी होती, मण्यांचा आकार होता. सगळं होतं. पण ‘निर्यातीचा माल’ या शब्दात जे वचन होतं ते तिळाएवढ्या अंशाने मोडलं. ज्याने सीसीसी वापरलं नव्हतं त्याच्या मालाकडेही लोक संशयाने बघू लागले, हे त्यातलं खरं दुःख. मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी विलास शिंदे आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास उभी केली. कोणत्या बागेत काय फवारलं याचा माग शेवटपर्यंत ठेवण्याचं महत्त्व सगळ्यांनाच तेव्हा नव्याने पटलं.

लॅपटॉपमध्ये हेच घडतं. २००६ मध्ये बॅटऱ्या तापून पेट घेतात म्हणून डेलने ४१ लाख आणि ॲपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. बॅटऱ्यांचे सेल बनवले होते सोनीने. गिऱ्हाईकाने मात्र जाब विचारला तो झाकणावर ज्याचं नाव होतं त्याला. आणि २०१५ पासून ॲपलने आणलेला ‘बटरफ्लाय’ कळफलक आठवा. लॅपटॉप थोडा सडपातळ व्हावा म्हणून नवी रचना केली. बारीक धूळ गेली तरी कळ अडकायची. २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०२० पर्यंत ती रचना मागे घेतली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. स्वस्त लॅपटॉपची कळ अडकली तर माणूस चडफडतो आणि बाहेरचा कळफलक जोडतो. दोन लाखांच्या लॅपटॉपची कळ अडकली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. दोष तोच, पण मोडलेलं वचन मोठं.

सरकारी कागद

हा मुद्दा थोडक्यात. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली. बाजारात गोंधळ उडाला, अट पुढे ढकलली गेली, आणि नोव्हेंबरपासून त्याऐवजी आयातीवर देखरेख ठेवणारी नोंदणीची पद्धत आली. ज्यांचा नवा माल त्या आठवड्यात बोटीवर असेल त्यांच्या जिवाची घालमेल कल्पनेनेही कळते. वाइनवाल्यांना हे नवं नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, जोरदार विरोध झाला, आणि निर्णय अमलात आला नाही. धोरण आपल्या बाजूने आहे असं धरून जो भांडवल गुंतवतो, त्याने ते उलटूही शकतं हे धरूनच गुंतवावं.

तोटा कोणाच्या पदरात?

आता आपण मघाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

२००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. सवलती मिळाल्या, विंचूरला वाइन पार्क झालं, वाइनरी निघत गेल्या. शेतकऱ्यांनी खायच्या द्राक्षांच्या जागी वाइनची द्राक्षं लावली. ही द्राक्षं बाजार समितीत विकता येत नाहीत. बी मोठं, साल जाड, खायला कोणी घेत नाही. त्यांना गिऱ्हाईक एकच, वाइनरी. मग २००८-०९ मध्ये मंदी आली, मुंबईच्या हल्ल्यानंतर पर्यटन मंदावलं, हॉटेलांची मागणी घटली, टाक्यांमध्ये वाइन साचली. नारायणगावची ‘इंडेज’ ही या क्षेत्रातली जुनी आणि मोठी कंपनी परदेशात विस्तार करत असतानाच कर्जात अडकली, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात गेली. आपल्या जिल्ह्यात कित्येक छोट्या वाइनरी बंद पडल्या. वाइनच्या द्राक्षांना कोणी विचारेना. शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या वेली उपटून टाकल्या. उंची वाइनचं स्वप्न पाहिलं एकाने, आणि वेल उपटली दुसऱ्याने.

लॅपटॉपच्या धंद्यात या शेतकऱ्याच्या जागी कोण असतं? एक, सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार. एका खास सांगाड्यासाठी त्याने साचे केले, मालिका बंद झाली, आता ते साचे दुसऱ्या कोणाच्या कामाचे नाहीत. हा अगदी वाइनच्या द्राक्षासारखा. दोन, शहरातला डीलर. त्याने पत वापरून दहा महाग नग उचलले. कंपनीने किंमत उतरवली तर फरक भरून देण्याची पद्धत आहे, तिला ‘प्राइस प्रोटेक्शन’ म्हणतात. पण ते लेखी आहे का, किती दिवसांपुरतं आहे, हे बारीक अक्षरात असतं. तीन, आणि सगळ्यात विसरला जाणारा, पहिला गिऱ्हाईक. मालिका बंद झाली तरी त्याचा लॅपटॉप चालू असतो. पण त्याची बॅटरी, त्याचा चार्जर, त्याचा स्क्रीन आता कोण देणार? ज्याने सगळ्यात आधी विश्वास टाकला तोच सगळ्यात आधी पोरका होतो.

२०१४ मध्ये सोनीने ‘वायो’ हा आपला नावाजलेला लॅपटॉपचा धंदा विकला. सोनीला ते परवडलं, ती दुसऱ्या उद्योगांकडे वळली. कंपनीला विषय बदलता येतो. कर्ज काढून दुकान थाटलेल्याला आणि दोन वर्षं पैसे साठवून लॅपटॉप घेतलेल्याला तो बदलता येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की ‘जोखीम’ हा शब्द वापरताना जपावं. जोखीम घेतो असं म्हणणारा आणि जोखीम सोसणारा, ही दोन माणसं वेगळी असू शकतात. स्वतःच्या पैशाने घेतली तर ते धाडस. दुसऱ्याच्या पैशाने, त्याला न सांगता घेतली, तर त्याला धाडस म्हणता येणार नाही.

उडी घेण्याआधी

मग महागडी मालिका काढूच नये का? जरूर काढावी. महागड्या यंत्रांतून निघालेल्या सुधारणा पुढे स्वस्त यंत्रांत येतात, हा सगळ्यांचाच फायदा आहे. पण काढण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

जास्तीच्या पैशात गिऱ्हाईकाला असं कोणतं काम करता येईल जे आधी येत नव्हतं? आपलं नाव आज ज्या पायरीवर आहे तिथून ही पायरी किती उंच आहे, आणि मधल्या पायऱ्या आपण बांधल्या आहेत का? अंदाजाच्या निम्माच माल खपला तर आपण किती दिवस तग धरू? आणि शेवटचा: उद्या मालिका बंद करावी लागली तर पुरवठादाराचे, डीलरचे आणि पहिल्या गिऱ्हाईकाचे जे देणं लागतो, त्यासाठी आजच पैसे बाजूला काढले आहेत का?

पहिले तीन प्रश्न कोणीही हिशेबतपासनीस विचारील. चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती कंपनी आप्त म्हणवून घ्यायला लायक आहे, मग मालिका चालो वा न चालो.

प्रश्नोत्तरांतून

*छोट्या, नव्या कंपनीला मग या बाजारात जागाच नाही का?*

आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ‘फ्रेमवर्क’ नावाच्या नव्या कंपनीने एक लॅपटॉप आणला. त्याचे भाग मालकाला स्वतः उघडून बदलता येतात, आणि पुढे नवा मदरबोर्ड आला तर तो जुन्या सांगाड्यात बसवता येतो. या कंपनीकडे जुनं नाव नव्हतं. तिने ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणण्याऐवजी विश्वासाची गरजच कमी केली. स्क्रू काढा, आत बघा. पैठणीचा पदर उलटून दाखवण्यासारखंच आहे हे. नाव नसेल तर निदान पदराची उलटी बाजू स्वच्छ हवी.

*घेणाऱ्याने काय बघावं? मुलीच्या शिक्षणासाठी महाग लॅपटॉप घ्यायचा आहे.*

आधी तिच्या कामाला तो लागतो का, हे तिला विचारा, दुकानदाराला नको. लागत असेल तर दुकानात चारच गोष्टी विचारा. सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की लॅपटॉप मुंबई-पुण्याला पाठवावा लागेल? बॅटरी बदलून मिळते का आणि केवढ्याला? वॉरंटी वाढवता येते का? आणि ही मालिका कंपनी किती वर्षांपासून काढते आहे? अगदी पहिल्याच वर्षाचा माल असेल आणि घाई नसेल, तर वर्षभर थांबा. दुसऱ्यांचा अनुभव हे मघाच्या चार प्रमाणांपैकी आपल्याला फुकट मिळणारं प्रमाण आहे. ते सोडू नये.